ढकलपास

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हायड्रोजन नापास झाला, तेव्हा मी तिथे हजर होतो.

रविवारची सकाळ होती. मुजावर सरांनी आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडून ठेवलं होतं, चष्मा कपाळावर चढवला होता आणि हातात एक प्रगतीपुस्तक धरलं होतं. शाळेत मुलांना मिळायचं तेच, गुलाबी पुठ्ठ्याचं. विद्यार्थ्याचे नाव: हायड्रोजन. इयत्ता: भावी. हजर दिवस: भोपळा. शेरा सरांनी मोठ्याने वाचून दाखवला, "मुलगा गुणवान आहे. धूर काढत नाही, नुसती वाफ सोडतो. परंतु वर्गात कधी बसत नाही. पालकांनी येऊन भेटावे."

"पण अंकल, हायड्रोजन इज द फ्युचर," तिसऱ्या मजल्यावरची आयटीतली मुलगी म्हणाली.

"मग भविष्यातल्या वर्गात बसवू त्याला. हा वर्ग आजचा आहे."

मुजावर सर बी विंगच्या तळमजल्यावर राहतात. वय बाहत्तर. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला त्यांनी तीस वर्षं शिकवलं. बिबवेवाडीपासून वारज्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात गेलो आणि पत्ता सांगितला, की बॉनेटखालून एक डोकं वर येतं, "मुजावर सरांच्या सोसायटीतले का?" असं विचारतं आणि मग जरा घाबरूनच काम नीट करतं.

निवृत्त झाल्यावर लोक टेकडीवर फिरायला जातात. सरांनी एक प्रश्न धरला: उद्याची गाडी कशावर चालावी? आप्पा बळवंत चौकातून त्यांनी कोऱ्या प्रगतीपुस्तकांचा एक जुना गठ्ठा आणला आणि छापील विषय खोडून आपले घातले. मराठीच्या जागी 'ताकद'. गणिताच्या जागी 'पोट', म्हणजे एकदा भरल्यावर किती लांब जाते. विज्ञानाच्या जागी 'धूर'. मूल्यशिक्षणाच्या जागी 'खरेपणा'. आणि शारीरिक शिक्षणाच्या जागी 'ढकल'. गाडी भर रस्त्यात बंद पडली तर ढकलून चालू करता येते का, या विषयाला वीस गुण.

शेरे मला अजून पाठ आहेत. पेट्रोल: 'घराणं जुनं. रुबाब आहे. घरचं सगळं याच्याच पायी गेलं.' डिझेल: 'कष्टाळू. तोंडाला वास.' सीएनजी: 'स्वभाव शांत. निम्मं आयुष्य रांगेत.' इथेनॉल: 'साखर कारखान्याच्या चेअरमनचा भाचा. अभ्यास करो न करो, पास होणारच.' सौरऊर्जा: 'उन्हाळ्यात पहिली, श्रावणात गैरहजर.' आणि वीज: 'हुशार, स्वच्छ, आवाज न करणारी मुलगी. हिच्या माहेरी कोळसा जाळतात, ते मात्र सांगत नाही. खरेपणात गुण कापले.'

शेरा सर तिथल्या तिथे लिहीत, पण गुण कधी लगेच देत नसत. "निकाल उद्या," म्हणत. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज त्यांनी निवृत्तीनंतर परत केला नव्हता, त्यामुळे वाद चालू असला की ए विंगमधल्या माणसालाही कळायचं की आज डिझेलची बाजू पडते आहे. दुपारी झोपणाऱ्यांच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

एकदा मार्केट यार्डातल्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सहा क्रेट सडके चिकू पाठवले. सरांनी ते निळ्या पिंपात आंबत घातले. फळांच्या कचऱ्यावर गाडी चालवायची, असा विचार. चौथ्या दिवशी सगळ्या इमारतीला असा वास सुटला, की सत्यनारायणाला आलेले गुरुजी जिन्यातूनच परत गेले. कोणीतरी फोन केला आणि एक हवालदार आले.

"ही दारू कोण पितं?" त्यांनी विचारलं.

सरांनी आयुष्यात सुपारीही खाल्लेली नाही. त्यांनी गाडीकडे बोट केलं. "ही पिते. अजून प्यायली नाही, पण सवय लावतोय. बरं, तुमची गाडी कशावर आहे?"

हवालदार पाऊण तास थांबले. त्यांची सीएनजीबद्दलची मतं फार कडक निघाली. पिंप दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेलं. गाडी त्या रसावर एक इंचही चालली नव्हती, पण सर खूश होते. "वाद चांगला झाला," म्हणाले. ही मला तेव्हा चक्रमपणाची हद्द वाटली होती.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सरांची गाडी मीटर रूमच्या शेजारी उभी असते. पहिल्या दिवसापासून ती जागा त्यांची. मागच्या वर्षी मी फलकावर नोटीस लावली: सार्वजनिक हितार्थ ही जागा 'इलेक्ट्रिक वाहनांच्या' चार्जिंगकरिता राखीव करण्याचे योजिले आहे, सबब तेथील जुने वाहन इमारतीच्या मागील बाजूस हलवावे. वाहनांच्या, हे अनेकवचन मी विचारपूर्वक घातलं होतं. सोसायटीत इलेक्ट्रिक वाहन एकच होतं. नोटिशीच्या दीड महिना आधी घेतलेलं. माझं.

संध्याकाळी नोटीस माझ्या दाराखालून परत आली. लाल शाईने तपासलेली. 'सार्वजनिक'मधला नि मी दीर्घ काढला होता, तो ऱ्हस्व केलेला. 'हितार्थ'चं तेच. 'वाहनांच्या' या शब्दाभोवती लाल वर्तुळ, शेजारी प्रश्नचिन्ह. खाली शेरा: 'हस्ताक्षर बरे. शुद्धलेखन सुधारावे. जागा सोडणार नाही.'

त्या वर्तुळाकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. मग दुसऱ्या दिवसापासून सह्या गोळा करायला लागलो. पकडला गेलेला माणूस जास्त जोराने काम करतो, हे मी स्वतःवरून सांगतो. चौदा सह्या मिळाल्या.

आमचे चेअरमन अण्णा. इमारत उभी आहे ते शेत एके काळी त्यांचंच होतं. त्यांनी एकदा समेट घडवून पाहिला. "मास्तर, आमची जमीन व्हती तवा हितं बैलगाडी उभी असायची. ती कशावर चालती ते कुणी इचारत नव्हतं."

"बैल उत्तम विद्यार्थी, अण्णा," सर म्हणाले. "खरेपणात पैकीच्या पैकी. हल्ली प्रवेशच घेत नाही, त्याला मी काय करू?"

"आन् जागेचं?"

"जागेचा प्रश्न अभ्यासक्रमात नाही."

अण्णा माझ्याकडे वळले. "ह्ये हलायचे न्हाईत. सभा घ्या, हात वर करून घ्या."

सभा रविवारी ठरली. त्याआधीच्या गुरुवारी सकाळी मी दूध घेऊन गाडीतून परत येत होतो. गेटमध्येच गाडी थांबवली, बंद केली आणि वॉचमनच्या खोलीतून पार्सल घ्यायला उतरलो. परत येऊन बटण दाबलं तर काही नाही. पडदा काळा, गाडी गप्प. गेट पूर्ण अडलेलं. बाहेर शाळेची व्हॅन, आत ऑफिसला निघालेली सगळी सोसायटी, आणि मधे मी.

"ढकला," कोणीतरी म्हणालं. सहा जणांनी ढकलली. चाकांना आतून कुलूप घातल्यासारखी गाडी जागची हलली नाही. सातवा माणूस नुसता उभा होता, तो म्हणाला, "उद्याची गाडी आहे. उद्या हलेल."

मुजावर सर पायजम्यावरच आले. गाडीभोवती एक फेरी मारली.

"सर, कालच चार्ज केली होती," मी म्हणालो. "ऐंशी टक्के आहे."

"मोठी बॅटरी ऐंशी टक्के आहे. छोटी मेली." सरांनी घसा साफ केला, आणि रस्ता अडलेला असतानाही तास सुरू झाला. "हिच्यात दोन बॅटऱ्या असतात. एक गाडी ओढायला. दुसरी साधी बारा व्होल्टची, नुसती गाडीला जागं करायला. घरात पैलवान झोपलाय आणि उठवणारी आई गावाला गेलीय, असा प्रकार आहे. सकाळी एकदा कशीबशी उठली, तेवढाच जीव होता. रात्रभर आतला दिवा चालू ठेवला असेल."

ठेवला होता.

"मग आता काय करायचं?"

"आता एक म्हातारा लागेल," सर म्हणाले आणि मीटर रूमकडे चालू लागले. "चौघं या."

त्यांच्या गाडीचा स्टार्टर दोन वर्षांपूर्वी गेला आहे. चौघांनी ढकलल्याशिवाय ती चालू होत नाही. त्या दिवशी जे चौघं गेलो, त्यातल्या तिघांनी माझ्या कागदावर सही केली होती आणि चौथा मी होतो. जी गाडी हलवावी म्हणून मी गावभर सह्या घेत हिंडलो, ती मी माझ्या हातांनी हलवली. पार्किंगमध्ये दहा पावलं धावल्यावर ती खोकली, थरथरली आणि चालू झाली. सरांनी ती माझ्या गाडीसमोर आणून नाकाला नाक लावून उभी केली, दोन वायरी जोडल्या. मिनिटभराने माझा पडदा उजळला.

लोक पांगले. मला लाज वाटत होती आणि लाज वाटली की मी विनोद करतो. "शेवटी ढकलगाडीच कामाला आली, सर," मी म्हणालो.

सर वायर गुंडाळत होते, ते थांबले. "ढकलण्याला नावं ठेवू नका, सेक्रेटरी. मी सातवीत ढकलपास आहे. गणितात नऊ गुण होते. हेडमास्तरांनी मागून ढकललं म्हणून आठवीत गेलो, म्हणून पुढचं सगळं. तुम्हाला काय वाटतं, माणसं स्टार्टरवर चालतात?" मग वायर खांद्यावर टाकून म्हणाले, "चहा घ्यायला या."

त्यांच्या घरात मी दोन वर्षांनी पाऊल ठेवत होतो. दोन वर्षांपूर्वी शमीमभाभींना, म्हणजे सरांच्या पत्नींना, अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा आम्ही सगळे शहाळी घेऊन एकदा जाऊन आलो होतो. नंतर मी रोज त्यांच्या दारावरून गेलो, पण आत गेलो नाही. तीस पावलांवर राहतो.

घरात शिरल्यावर सरांचा आवाज इतका खाली आला, की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. भाभींचा पलंग खिडकीला लावलेला होता. खिडकी पार्किंगमध्ये उघडत होती, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, एवढा वेळ गाडी जिथे उभी होती, तिथे तेलाचा काळा डाग दिसत होता. भाभींच्या मांडीवर गुलाबी प्रगतीपुस्तकं होती.

भाभी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या, मराठी माध्यमात. झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. आकडे तेवढे राहिले. डॉक्टर म्हणतात असं होतं कधी कधी.

सर पलंगाशी खुर्ची ओढून बसले. "गेटवरचं ऐकलंस ना सगळं? बोलो, बिजली को ढकल में कित्ते?"

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शाळेत मी असा कितीदा तरी उभा राहिलेला आहे.

"तीन," त्या म्हणाल्या.

"तीन? अगं, जागची हलली नाही ती."

"तीन."

सर माझ्याकडे वळले. "का, ते तिला सांगता येत नाही. पण विचार केल्याशिवाय देत नाही. मग मी दिवसभर शोधत बसतो, तीन का."

"म्हणजे हे सगळे गुण..."

"मी फक्त शेरे लिहितो."

चहा त्यांनीच केला. बशीत ओतून थोडा भाभींना पाजला, मग आपला घेतला. मला न विचारताच बोलत होते, त्याच खालच्या आवाजात. "सुरुवातीला मी पेपर वाचून दाखवायचो. भिंतीकडे तोंड करायची. एकदा बाहेर त्या गॅसवाल्याशी माझं वाजलं, सीएनजीवरून. आत आलो तर ही हसत होती. सात महिन्यांनी. तेव्हा कळलं, हिला वर्ग पाहिजे. दहा तोंडं पाहिजेत. चुकीचं उत्तर ठासून देणारा एक तरी पाहिजे. तुम्ही चांगले आहात त्यात."

मी घाईने चहाचा घोट घेतला.

"आणि वर्ग भरवायला बॉनेट लागतं. बॉनेट उघडं दिसलं की माणूस थांबतो, दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. नुसता म्हातारा उभा असला तर कोण थांबतं?"

"मागच्या बाजूला गाडी नेली तर..."

"आवाज येत नाही. नोटीस आली त्या दिवशीच तिथे उभा राहून मोठ्याने पाढे म्हणून पाहिले. आत येऊन विचारलं, कितपत ऐकू आलं? म्हणाली, शून्य."

"सर, हे तुम्ही नोटिशीच्या उत्तरात का लिहिलं नाही? कोणी एक शब्द काढला नसता."

त्यांनी कप खाली ठेवला. "ग्रेस मार्क नकोत. एकतीस वर्षं हिने कोणाला ग्रेस दिले नाहीत. आता हिच्या नावाने मी मागायला जाऊ? जागा आमची आहे, एवढं कारण पुरतं. पुरत नसेल तर करा ठराव, मी एकटा विरोधात हात वर करीन. सभेत तुम्ही यातलं एक अक्षर बोलायचं नाही."

सभेत मी बोललो नाही. इथे लिहितो आहे, ती पळवाट आहे हे मला कळतं. म्हणून लिहिलेलं आधी सरांकडे नेलं. त्यांनी एकोणीस चुका काढल्या, आत जाऊन भाभींना वाचून दाखवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "छापा." किती गुण मिळाले ते सांगितलं नाही.

तर रविवारी सभा भरली. पार्किंगमध्येच, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. चौदा सह्या माझ्या खिशात होत्या आणि खरं कारण सांगायची बंदी होती. दुसरं एकच खरं कारण माझ्यापाशी शिल्लक होतं.

"मी ठराव मागे घेतो," मी म्हणालो.

"आता का?" अण्णांनी विचारलं.

"सार्वजनिक हित वगैरे काही नव्हतं. इलेक्ट्रिक गाडी एकच आहे, ती माझी. चार्जिंग मागच्या बाजूलाही होईल. फक्त वायर लांब ओढावी लागेल आणि गाडी लावून चालत यावं लागेल. मला कंटाळा आला होता."

दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "म्हणजे आमच्या सह्या तुमच्या कंटाळ्यासाठी?"

"हो."

"छान. पुढच्या वेळी सोफा उचलायचा असला तरी सार्वजनिक हितार्थ कळवा. येऊ."

सगळे हसले. ते हसणं मला पाठीपर्यंत लागलं. मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा देतो म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "दुसरं कोण करणार हाय? आन् खरं बोलायला सभा कशाला पायजे व्हती? जिन्यात बोलला असता तरी चाललं असतं."

तेवढ्यात माझं लक्ष शेवटच्या रांगेकडे गेलं. मुजावर सर हात वर करून बसले होते. सभा सुरू झाल्यापासूनच बसले असावेत, कारण डाव्या हाताने त्यांनी उजव्या कोपराला आधार दिला होता.

"सर, ठराव मागे घेतला," मी म्हणालो. "हात खाली घ्या."

"माझा विरोध नोंदवून घ्या."

"पण ठरावच नाही."

"पुढच्या ठरावाला."

मी इतिवृत्तात नोंदवून घेतला.

सभेनंतर सर माझ्याशी काही बोलले नाहीत. आभार मानले नाहीत, याचं मला बरंच वाटलं. ते मानले असते तर मी कुठे बघितलं असतं, माहीत नाही. पुढचे तीन दिवस मी मागच्या बाजूला वायर ओढून घेत होतो, आणि सकाळ-संध्याकाळ बॅटऱ्यांविषयी सापडेल ते वाचत होतो. शनिवारी संध्याकाळी घरी आलो तर गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि तिथे कोणीच नव्हतं. इस्त्रीवाला येऊन गेला होता, आयटीतली मुलगी गावाला गेली होती. सर एकटेच एक फडकं घेऊन स्वच्छ असलेला रेडिएटर पुसत होते.

मी पिशवी खाली ठेवली.

"सर, आता म्हणे मिठापासून बॅटरी करतात," मी शक्य तितक्या मोठ्याने म्हणालो. "सोडियमची. लिथियम लागतच नाही. माझं तर ठाम मत आहे की घरचं मीठ घातलं तरी गाडी चालेल."

वर दोन मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या.

"ओरडू नका," सर म्हणाले. "मी बहिरा नाही."

त्यांनी डोकं परत बॉनेटखाली घातलं. बराच वेळ फडकं फिरत राहिलं. मग तिथूनच, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, ते म्हणाले, "तोंड जरा खिडकीकडे करून बोला."